एक वीत उंचावरून

स्लाऊ
१२ ऑक्टोबर १९९०

चि. रश्मीस,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र नाही, फोन नाही, म्हणजे तू मजेत आहेस असं मी धरून चालते. पण आपला करार विसरू नकोस. फोनवर तू मराठीत सुरुवात करतेस आणि दुसऱ्या वाक्याला इंग्लिशमध्ये पळून जातेस. म्हणून पत्र, आणि पत्र मराठीतच. मागच्या पत्रात तू खुर्चीला पुरुष केलंस आणि पंख्याला बाई. चालेल. त्यांनी तक्रार केली नाही तर मी कशाला करू?

काल 'लोअर वॉर्ड'चा पाचवा भाग बघितलास ना? तू घरी असताना या सिरियलचं वेड मला लावलंस आणि स्वतः ब्रिस्टलला निघून गेलीस. आता दर गुरुवारी मी एकटी. तुझा बाप सोबत असतो म्हण, पण त्याची सोबत पहिल्या दहा मिनिटांपुरती. मग मान खाली. शेवटची धून वाजली की जागा होतो आणि दरवेळी तेच विचारतो, "यमे, पकडला का हेर?" काल मी म्हटलं, "दादा, वॉर्डात हेर आहे हे कळलंय, कोण ते तीन भागांनी कळणार आहे. तुला काय वाटतं?" तर म्हणतो, "मला वाटतं सगळे आधीच मेलेत." एवढं बोलून झोपायला गेला. इंजिनीअर पोरीचा बाप!

मला ही सिरियल का आवडते ते इथल्या शेजारणींना सांगून कळत नाही. त्यांना ती पुढच्या काळातली गोष्ट वाटते. वरच्या मनोऱ्यांत राहणारे लोक, खाली वॉर्डात राहून त्यांचा कचरा उपसणारे लोक, मध्ये एक दार. मला यात पुढचं काही दिसत नाही. असो.

माझा एकीवर संशय आहे. पण आधी तुझा सांग. आणि नीट जेव.

तुझी,
यमुना आत्या

*

ब्रिस्टल
१५ ऑक्टोबर १९९०

प्रिय आत्या,
जय भीम.

सॉरी, सॉरी, सॉरी. स्ट्रेस अॅनालिसिसचा असाइनमेंट होतं. (होता? होती? तू ठरव.)

आमच्या हॉलमध्ये गुरुवारी टीव्ही रूम एवढी भरते की लोक रेडिएटरवर बसतात. एपिसोड संपला की कोणी उठत नाही. सगळ्यांच्या थिअरीज सुरू. तुला देते:

एक मुलगी म्हणते मागचं घड्याळ प्रत्येक सीनमध्ये सात मिनिटं मागे जातं, म्हणजे हे सगळं कोणाच्या तरी मेमरीत चाललंय. केमिस्ट्रीचा एक मुलगा म्हणतो टॉबी हेर आहे, कारण त्याचे बूट कधी मळत नाहीत. आणि अतुल म्हणतो डॉक्टर ह्यू, कारण तो एकदाही स्क्रीनवर जेवत नाही. वरच्या लोकांना वॉर्डाचं अन्न पचत नाही. अतुलने त्यासाठी सगळ्या टेप्स परत बघितल्या. अतुल खूप मेथॉडिकल आहे.

इथे दर आठवड्याला एक फॅन न्यूजलेटर पण निघतं, 'वॉर्ड नोट्स'. फोटोकॉपी करून स्टेपल केलेलं, पण मँचेस्टरपर्यंत जातं. अतुल म्हणाला तुझ्या आत्याची थिअरी असेल तर पाठव, ते लोक छापतात. तर सांग, तुझी संशयित कोण? बाबांची 'सगळे मेलेत' थिअरी मी टीव्ही रूममध्ये सांगितली. चार जणांना पटली.

तुझी,
रश्मी

*

स्लाऊ
१९ ऑक्टोबर १९९०

चि. रश्मी,
जय भीम.

हेर नेल आहे.

होय, तीच. वॉर्डाची पुढारी, सगळ्यांची लाडकी, जिच्यासाठी तुमच्या टीव्ही रूममध्ये पोरं उसासे टाकत असतील ती. ती वरची आहे. कालच्या सहाव्या भागानंतर तर मी पैज लावायला तयार आहे.

कशावरून, तर पाण्यावरून. पाचव्या भागात जखमी कैद्याला ती पाणी देते, आठवतं? टेप असेल तर पुन्हा बघ. तो ओंजळ पुढे करतो आणि ती पाण्याचा जग एक वीत वर धरून ओतते. जगाचं तोंड त्याच्या बोटांना लागू देत नाही. त्याची ओंजळ हलते तसा तिचा जगही हलतो, पण ते अंतर काही कमी होत नाही. काल म्हातारीला पाणी दिलं तेही तसंच. वॉर्डातली बाकी माणसं एकाच डब्याला तोंड लावून पितात. कपडे बदलता येतात गं, बोलणं बदलता येतं. हाताला मात्र लहानपणी जे शिकवलं ते तो विसरत नाही.

तुला हे कसं दिसलं म्हणशील. एक तर वीस वर्षं फॅक्टरीत पॅकिंगच्या बेल्टवर उभी आहे. पुढून जाणाऱ्या शंभर बिस्किटांतलं तुटकं एक माझ्या नजरेतून सुटत नाही. पण ते खरं कारण नव्हे.

मी आठ वर्षांची असताना आई मला इनामदारांच्या मळ्यावर न्यायची. आई म्हणजे तुझी आजी, रंभाबाई. दुपारी तहान लागली की आम्ही बांधाशी जाऊन उभ्या राहायचो. मग इनामदारांच्या घरची बाई कळशी घेऊन यायची आणि वरून पाणी ओतायची. आम्ही ओंजळीने प्यायचो. निम्मं कोपरांवरून खाली जायचं. ती बाई दुष्ट नव्हती हे मुद्दाम सांगते. उन्हात तीन-तीनदा उठून यायची, "पोटभर पी गं पोरी" म्हणायची. पण कळशी कायम एक वीत वर. एकदा मला फार तहान लागली होती म्हणून मी ओंजळ उंच केली आणि माझी बोटं कळशीला लागली. तिने कळशीतलं सगळं पाणी मातीत ओतून दिलं आणि घासायला आत गेली. आईने मला घरी येईपर्यंत मारलं नाही, घरी आल्यावर मारलं. मग रडली.

तुला हे कधी सांगितलं नाही. तू इथे जन्मलीस. नळ फिरवला की पाणी येतं, एवढंच तुला माहीत असावं असं दादाला आणि मला वाटायचं. आता नेलमुळे सांगून झालं.

तुमच्या न्यूजलेटरला कळवायचं तर कळव, माझं नाव नको. आणि दुसरं असं की एका पानाच्या पत्रात अतुल हे नाव चारदा आलंय. बाप एकदाच. मी बेल्टवर उभी राहणारी बाई आहे, हे वर लिहिलंच आहे.

तुझी,
आत्या

*

ब्रिस्टल
२९ ऑक्टोबर १९९०

प्रिय आत्या,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा नेलसाठी, मग तीन वेळा आजीसाठी. मला राग आला आणि कोणावर ते कळलं नाही. बाबांना फोन केला तर ते म्हणाले, "यमीने सांगितलं का? बरं झालं," आणि मग वेदर विचारलं.

मी टेप परत बघितली. तू म्हणतेस तसंच आहे! एक वीत! मी ते इंग्लिशमध्ये लिहून 'वॉर्ड नोट्स'ला दिलं, तुझं नाव नाही, फक्त 'स्लाऊमधली एक बाई'. आत्या, तुझी थिअरी पहिल्या पानावर आली. आता सगळे तिला 'वॉटर थिअरी' म्हणतात. न्यूजलेटरला चाळीस पत्रं आली. लीड्सच्या एका माणसाने पट्टी घेऊन स्क्रीनवर मोजलं. घड्याळवाली मुलगी माझ्याशी बोलत नाही.

आता दुसरं. तू ओळखलंस. तो अतुल पोंक्षे. ब्रॅकनेलचा. त्याचे बाबा कॉम्प्युटर कंपनीत होते, ते चार वर्षांपूर्वी गेले, आता घरी फक्त आई. आडनाव वाचून तुझा चेहरा कसा झाला असेल ते मला इथून दिसतंय. मी त्याला तुझं पूर्ण पत्र वाचून दाखवलं, कळशीचं पण.

आम्हाला लग्न करायचंय, डिग्री झाल्यावर. बाबा म्हणतील यमीला विचार. म्हणून तुलाच विचारते. तू मला वाढवलंस, मला मम्मीचा चेहरा फोटोतला माहीत आहे, तुझा खरा. तू नाही म्हणालीस तर मी पळून जाऊन काही करणार नाही, पण मी आनंदात पण राहणार नाही. ११ नोव्हेंबरच्या रविवारी तो आणि त्याची आई स्लाऊला आले तर चालेल का?

रश्मी

*

स्लाऊ
२ नोव्हेंबर १९९०

चि. रश्मी,
जय भीम!

बघितलास? बघितलास शेवटचा भाग? मी काय म्हटलं होतं! दारावरचा शिपाई तिला खऱ्या नावाने हाक मारतो आणि ती मागे वळते! मी टाळ्या वाजवल्या तेव्हा दादा दचकून जागा झाला. लीड्सच्या त्या गृहस्थाला माझा नमस्कार सांग.

दार उघडल्यावर ती वर परत जात नाही, वॉर्डातच राहते, ते मात्र मला झेपलं नाही. लिहिणाऱ्याला शेवट गोड करायचा असेल.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका पत्रात देता येत नाही. आडनाव वाचून चेहरा कसा झाला ते तू ओळखलंसच. पण माणूस न बघता नाही म्हणणं हे आपल्याला शिकवलेलं नाही. रविवारी येऊ देत. चकल्या करते. साडेबारा म्हणजे साडेबारा.

आत्या

*

स्लाऊ
१२ नोव्हेंबर १९९०

रश्मी,

तू काल स्टेशनवर माझ्याशी बोलली नाहीस, म्हणून लिहिते. मी चिडलेली नाही. मला जे दिसलं ते लिहिते.

मुलगा बरा आहे. दादाशी गाडीच्या गिअरबॉक्सवर तासभर बोलला, दादा चक्क जागा होता. मुलाबद्दल माझं काही म्हणणं नाही.

त्याची आई आली तेव्हा दारात हात जोडले, ओठ मिटून. दोन तास बसली, एकदा हसली नाही. विचारलं तेवढ्याचं उत्तर, तेही तोंड न उघडल्यासारखं. चकली हातात घेतली, उलटसुलट केली आणि बशीत ठेवली. "नंतर घेते." चहा नको. पुलाव दोन चमचे, तोही चिवडत. मग पाणी मागितलं. मी नवा ग्लास काढला होता, धुऊन पुसून दिला. रश्मी, त्या बाईने तो ग्लास एक वीत वर धरला आणि वरून तोंडात पाणी ओतलं. काठाला ओठ लागू दिला नाही. माझ्या घरच्या ग्लासाला.

सगळ्यांनी बघितलं नसेल. मी बघितलं. टीव्हीवर तीन भाग आधी जे ओळखलं ते माझ्या खोलीत तीन हातांवर बसलेलं ओळखणार नाही का?

मी तुला नाही म्हणत नाही. तू सज्ञान आहेस. पण त्या घराची पायरी मी चढणार नाही. तुझ्या लग्नात मी मागच्या खुर्चीवर बसेन, आशीर्वाद देईन आणि घरी येईन. साठ वर्षांचं व्हायला आलेलं माणूस पुन्हा बांधावर जाऊन उभं राहत नाही.

आत्या

*

ब्रिस्टल
१५ नोव्हेंबर १९९०

आत्या,

तुझ्याशिवाय मला ते लग्न नको. मागच्या खुर्चीवरची आत्या मला नको.

मी रडले आणि मग अतुलला तुझं पत्र दाखवलं. तुला राग येईल, पण दाखवलं. त्याने पण तो ग्लास बघितला होता, त्याला वाटलं आईची सवय. तो म्हणाला मी विचारतो. मी म्हटलं, फोनवर? तो म्हणाला, नाही, तोंडावर. आणि आजचं लॅब सोडून ब्रॅकनेलला गेला.

तू म्हणालीस नेल परत जात नाही ते तुला झेपलं नाही. आत्या, त्या एपिसोडचा पॉइंट तोच होता. ती कुठली आहे ते तू ओळखलंस. ती काय करेल ते नाही.

जास्त लिहिता येत नाही.

रश्मी

*

ब्रॅकनेल
२४ नोव्हेंबर १९९०

श्रीमती यमुनाताई यांस,
सविनय नमस्कार.

मी आशा पोंक्षे, अतुलची आई. हे पत्र तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पाठवते.

गेल्या आठवड्यात अतुल अचानक घरी आला आणि कोटसुद्धा न काढता विचारलं, "आई, त्यांच्याकडे तू पाणी वरून का प्यालीस?" मला आधी कळेचना. मग जे मी पोटच्या मुलालाही सांगितलं नव्हतं ते सांगावं लागलं, आणि आता तुम्हालाही सांगते. यमुनाताई, माझे वरचे सगळे दात गेले. सप्टेंबरात काढले. तुमच्याकडे आले त्याच्या आदल्या बुधवारी मला कवळी मिळाली आणि ती तेव्हा बसतच नव्हती. बोलले की टकटक वाजायची. हसले की खाली यायची. ग्लासाच्या काठाला लागली की हलायची, म्हणून मी आठवडाभर घरीदेखील वरूनच पाणी पीत होते. चहाच्या वाफेने तर सैलच व्हायची. आणि तुम्ही नेमक्या चकल्या केल्या होत्या! कुरकुरीत, काटेरी, भाजणीचा वास सुटलेल्या. चकली माझा जीव की प्राण. मी ती हातात धरून मनात रडत होते. मुलाच्या सासुरवाडीत पहिल्याच भेटीत कवळी पुलावात पडली असती तर, या भीतीने मी दोन तास ओठ शिवून बसले. बावन्नाव्या वर्षी बोळकं झालं याची मला फार लाज वाटते.

इथे पत्र संपवता आलं असतं. अतुल म्हणाला, संपव. पण ते पूर्ण खरं होणार नाही.

'वॉर्ड नोट्स'मधलं ते पहिलं पान अतुलने मला आधीच वाचायला दिलं होतं. नेलच्या हाताबद्दल वाचलं आणि मला माझा हात दिसला. माझ्या आजोळी, रत्नागिरीकडे, एक बाई आठवड्यातून दोनदा सरपणाची मोळी आणून टाकायची. गोठ्याच्या कोनाड्यात तिच्यासाठी एक कानतुटका कप वेगळा ठेवलेला असे. चहा मी न्यायची. किटली उंच धरून त्या कपात ओतायची, ती कप स्वतः विसळून परत ठेवायची. मला असं कर म्हणून कोणी सांगितल्याचं आठवत नाही. सगळे करत तसं मी करत होते. चांगली बारा वर्षांची होते, विचारायची अक्कल होती. विचारलं नाही.

तुमच्या दारात हात जोडले तेव्हा हे डोक्यात होतं. मी घाबरले होते की तुम्ही बघताक्षणी ओळखाल. तुम्ही ओळखलंतही. फक्त ग्लासावरून ओळखलंत, तिथे ते नव्हतं.

कवळी आता दुरुस्त झाली आहे. तुम्ही, तुमचे दादा हरिदासभाऊ आणि रश्मी एका रविवारी आमच्याकडे जेवायला याल का? नाही म्हणालात तरी मी समजेन.

आपली,
आशा पोंक्षे

*

स्लाऊ
२८ नोव्हेंबर १९९०

आशाताई,
जय भीम.

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले. क्षमा करा, पण चकली हातात धरून मनात रडणाऱ्या तुम्ही डोळ्यांपुढे आलात आणि मला आवरेना. दादाने विचारलं काय झालं, तर त्याला वाचून दाखवलं. त्यालाही खालची कवळी आहे, त्याने लगेच कोणती पेस्ट वापरायची ते तुम्हाला कळवायला सांगितलं. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवली आहे. बावन्न म्हणजे काही वय नव्हे, लाज वाटून घेऊ नका.

ग्लासाच्या बाबतीत मी चुकले. तुमच्या ओठांकडे बघत बसले, तुम्हाला काय होतंय ते विचारलं नाही. ही माझी चूक आणि ती मी मान्य करते.

मग तुमच्या पत्राचं दुसरं पान. ते तुम्ही लिहायला नको होतं असं कोणीही म्हणालं असतं. तुमच्या मुलालाही तसंच वाटलं. तुम्ही लिहिलंत. आजवर माझ्याशी तुमच्याकडचं कोणी असं बोललेलं नाही. "आमच्याकडे तसलं काही नव्हतं हो" हे मात्र मी इंग्लंडात वीसेक जणांकडून ऐकलंय. सगळ्यांच्या घरी तसलं काही नव्हतं, मग ते होतं तरी कुणाच्या घरी, हा प्रश्न मला नेहमी पडतो.

तुमच्याकडे जेवायला यायला माझी ना नाही. एकच मागणं आहे. रागाने मागत नाही, खरंच हवंय म्हणून मागते. तुमच्या पत्रात तुमच्या आजोळच्या गायीचं नाव नाही, पण विचारलं तर तुम्हाला ते आठवेल. त्या बाईला मात्र तुम्ही सगळीकडे 'बाई' म्हटलंय. तिचं नाव काय होतं? ते मला कळवा. मग मी येते.

यमुना

*

ब्रॅकनेल
६ फेब्रुवारी १९९१

यमुनाताई,
सप्रेम नमस्कार.

दहा आठवडे लागले. तुम्हाला वाटलं असेल, विषय संपला. रश्मीलाही तसंच वाटत होतं, ती मला फोनवर काही विचारायची नाही, नुसती हवापाण्याची चौकशी करायची.

गायीचं नाव कपिला. तुमचं पत्र हातात असतानाच आठवलं, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बाईचं नाव मला माहीतच नव्हतं. आम्ही सगळे 'मोळीवाली' म्हणायचो. मी माझ्या मामेभावाला पत्र घातलं, तो म्हणाला, "आता कशाला ते उकरतेस?" मी पुन्हा घातलं. मग मामींना घातलं, त्यांनाही माहीत नव्हतं. तीस वर्षं त्यांच्या दारात लाकूड टाकलं तिने. शेवटी मामेभाऊ कंटाळून तिच्या वाडीवर स्वतः गेला. आमच्या घरचं कोणी तिकडे गेल्याचं मला तरी आठवत नाही. तिथे तिचा नातू भेटला, बबन. जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. त्याने आधी भावाला विचारलं, "माझ्या आजीचं नाव इंग्लंडात कुणाला हवंय?" मग स्वतःच्या अक्षरात कागदावर लिहून दिलं. तो कागद सोबत ठेवला आहे, तो तुमच्याकडे असू द्या. मी उतरवून घेतलं आहे.

शांताबाई सखाराम कांबळे. १९७२ च्या दुष्काळानंतरच्या वर्षी वारल्या. गाणी फार छान म्हणायच्या, असं बबनने खाली लिहिलंय. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.

मी बबनला वेगळं पत्र लिहिलं आहे. काय लिहिलं ते तुम्ही आलात तर सांगेन.

तुमची,
आशा

*

स्लाऊ
१० फेब्रुवारी १९९१

चि. रश्मी,
सप्रेम जय भीम.

बाहेर गुडघाभर बर्फ आहे. दोन दिवस फॅक्टरी बंद, पोस्टमन मात्र काल पाय ओढत आला आणि आशाताईंचं पाकीट देऊन गेला. तू इतके दिवस मला एका शब्दाने विचारलं नाहीस आणि मीही तुला सांगितलं नाही, पण मी त्यांच्याकडे एक नाव मागितलं होतं. ते आलं.

मी ते उभ्याउभ्याच वाचलं आणि मग स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसून खूप रडले. दुःखाने नाही गं. कुठल्या कोकणातल्या वाडीवरची बाई, ना माझ्या नात्याची ना गोत्याची. पण तिचं नाव सांगायला कोणीतरी बर्फातून माझ्या दारापर्यंत आलं, याने मला भरून आलं. दादाला कागद दाखवला. त्याने चष्मा लावला, मास्तरांचं अक्षर बघून "वळणदार आहे" म्हणाला आणि कागद विहारात न्यायच्या वहीत ठेवला. पौर्णिमेच्या वंदनेला आपल्या गेलेल्या माणसांची नावं घेतो, तेव्हा हे नावही घ्यायचं असं त्याने परस्पर ठरवलंय.

आपण १७ तारखेला ब्रॅकनेलला जेवायला जातोय. तू शनिवारीच घरी ये. मी शिरा करून नेणार आहे, मऊ, भरपूर तुपातला. चकल्यांचा डबाही नेते, कवळी आता बसते की नाही ते त्यांच्या तोंडूनच ऐकू. दादा गाडी चालवेल, म्हणजे निदान तेवढा वेळ जागा राहील. 'लोअर वॉर्ड'ची पुढची मालिका एप्रिलमध्ये येतेय म्हणे. आशाताईंनी पहिली मालिका पूर्ण बघितली आहे असं त्यांनी पाकिटातल्या चिठ्ठीत लिहिलंय, आणि नेलचं उघड झालं तरी त्यांना अजूनही डॉक्टरचाच संशय आहे. त्यांच्याशी मला या विषयावर बोलायचंच आहे.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. तू ऑक्टोबरात विचारलं होतंस, मी पुढे ढकलत राहिले. मुलगा मला पसंत आहे. तो मेथॉडिकल आहे म्हणून नाही, दादाला आवडला म्हणूनही नाही. त्याच्या आईच्या हातात ग्लास बघून मी मनात निकाल लावला आणि गप्प बसले. आशाताई बारा वर्षांच्या असताना किटली धरून गप्प बसल्या. तुझ्या बापाने आणि मी तुला एकोणीस वर्षं काही सांगितलं नाही. आमच्या सगळ्यांत तो एकटाच निघाला, जो ट्रेन पकडून घरी गेला आणि कोट न काढता आईला विचारून मोकळा झाला.

त्याला सांग, रविवारी साडेबाराला येतो.

तुझी,
आत्या